लेकफिल्डची की फिनलंडची? पहिल्या रायफलीच्या निवडीविषयी

बंदूक विकत घेण्याचा आणि बाळगण्याचा कॅनडाचा परवाना, ज्याला इथे सगळे ‘पाल’ म्हणतात, तो माझ्या हातात पडल्यानंतर जवळजवळ ८ महिने मी एकही रायफल विकत घेतली नाही. पैशांची अडचण नव्हती आणि घरातला विरोधही तोवर बराच निवळला होता. अडले होते ते एकाच प्रश्नावर: रायफल कॅनडात बनलेली घ्यावी की बाहेरून आलेली? दुकानातल्या विक्रेत्याला मी हे विचारले तेव्हा तो क्षणभर थांबला, कारण त्याच्याकडे येणारा माणूस काडतूस कोणते, वजन किती आणि किंमत काय एवढेच विचारतो. रायफलीचे जन्मगाव सहसा कुणी विचारत नाही. मला मात्र तो प्रश्न महत्त्वाचा वाटत होता आणि आजही वाटतो, म्हणून त्या ८ महिन्यांत जे वाचले, पाहिले आणि हाताळले ते सविस्तर लिहून ठेवतो आहे.

या प्रश्नाचे मूळ कुडाळजवळच्या आमच्या गावात आहे. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बंदूक होती. रानडुकरे भाताची नासधूस करीत, म्हणून सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत असे परवाने पुष्कळ घरांत असत. निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर सोडवून आणायची, हा ठरलेला शिरस्ता होता. आजोबांच्या एका स्नेह्यांकडे .३१५ बोअरची (हे नळीच्या व्यासाचे इंचातले माप) रायफल होती, ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली. तिची घडण ली-एन्फिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीची, पण काडतूस वेगळे, कारण .३०३ हे लष्कराचे काडतूस आणि ते सामान्य नागरिकाला बाळगता येत नसे. परदेशी बंदुकांची आयात सामान्य परवानाधारकासाठी बंदच असल्यामुळे ‘विलायती’ रायफल म्हणजे कुणाच्या तरी पणजोबांकडून आलेली इंग्रजी अमदानीतली वस्तू, आणि तिची किंमत तिच्या गुणांपेक्षा तिच्या दुर्मिळतेवर ठरे. थोडक्यात, देशी की विदेशी हा प्रश्न तिथे कुणाला पडतच नव्हता. कॅनडात आल्यावर ती मोकळीक पहिल्यांदा मिळाली, आणि नेमकी तीच मला जड गेली.

परवान्याविषयी फार लिहीत नाही. वय १८ पूर्ण असावे लागते, सुरक्षिततेचा अभ्यासक्रम करून लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षांत ८० टक्के गुण मिळवावे लागतात, पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्याला किमान २८ दिवस थांबावे लागते, आणि परवाना ५ वर्षांनी नव्याने काढावा लागतो. मे २०२२ पासून साधी शिकारीची रायफल विकतानाही विक्रेत्याला तुमच्या परवान्याची सरकारकडून खातरजमा करून संदर्भ क्रमांक घ्यावा लागतो. खरेदीच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब वेगळी आहे. १ मे २०२० रोजी सुमारे दीड हजार मॉडेलांवर बंदी आली, आणि त्या यादीत डिसेंबर २०२४ आणि मार्च २०२५ मध्ये भर पडली. कॅनडात बनलेल्या काही स्वयंभरणाच्या, म्हणजे गोळी झाडल्यावर पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या, रायफलीही त्यांत सापडल्या. इथली बनावट आहे म्हणून कुणाला सूट मिळाली नाही. स्वयंभरणाच्या रायफलीत गुंतवलेले पैसे उद्या कोणत्या अवस्थेत असतील हे सांगता येत नाही, असे पाहून मी पहिल्याच आठवड्यात ठरवले की आपण बोल्ट अ‍ॅक्शनच घ्यायची, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) मागे-पुढे करावा लागणारी. शिकारीला आणि कागदावरच्या नेमबाजीला तेवढे पुरेसे आहे.

मग ‘देशी’ म्हणजे नेमके काय, हे शोधायला बसलो आणि गुंता वाढत गेला. आँटारिओत पीटरबरोजवळ लेकफिल्ड नावाचे छोटे गाव आहे. तिथे १९६९ साली लेकफिल्ड आर्म्स हा कारखाना सुरू झाला, १९९५ मध्ये तो सॅव्हेज या अमेरिकी कंपनीने घेतला, आणि आज सॅव्हेजच्या .२२ व तत्सम छोट्या काडतुसांच्या रिमफायर रायफली (ज्यांत काडतुसाच्या कडेवर आघात होऊन ते पेटते) तिथेच बनतात. किचनरमधला कोल्ट कॅनडाचा कारखाना १९७६ साली डीमॅको या नावाने उभा राहिला, २००५ मध्ये अमेरिकी कोल्टकडे गेला, आणि २०२१ मध्ये चेक समूहाने कोल्टच विकत घेतल्यामुळे आता कॅनडाच्या सैन्याची रायफल बनवणाऱ्या या कारखान्याचे मालक चेक प्रजासत्ताकात आहेत. उलट बाजूलाही हेच चित्र आहे. ब्राउनिंग हे नाव पक्के अमेरिकी, पण त्यांची एक्स-बोल्ट रायफल जपानमध्ये मिरोकूच्या कारखान्यात बनते. वेदरबीची व्हॅनगार्ड जपानच्याच होवाकडून येते. विंचेस्टर मॉडेल ७० ही तर अमेरिकी शिकाऱ्याची जुनी ओळख, आणि ती आता पोर्तुगालमध्ये जुळवली जाते. नळीवर कोरलेल्या नावावरून देश ओळखायला जाल तर हमखास फसाल. म्हणून मी माझ्यापुरते मोजमाप ठरवले: नळी आणि मुख्य यंत्रणा कुठे घडते, आणि बिघाड झाला तर सुटा भाग कुठून, किती दिवसांत येतो. मालक कोण आहे हा प्रश्न मी भागधारकांवर सोडला.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवले ते एका अशा रायफलीने, जी मी विकत घेणार नव्हतो. ती म्हणजे रॉस. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या सुमारास कॅनडाला ब्रिटनकडून पुरेशा ली-एन्फिल्ड रायफली मिळेनात, तेव्हा आपली रायफल आपणच बनवावी असा विचार इथे बळावला, आणि सर चार्ल्स रॉस या स्कॉटिश सरदाराच्या आराखड्यावरून क्यूबेक शहरात कारखाना निघाला. तिचा बोल्ट वळवावा लागत नसे, सरळ मागे ओढायचा आणि सरळ पुढे ढकलायचा. नेमबाजीच्या मैदानावर ती अप्रतिम होती. मोठ्या स्पर्धा तिने जिंकल्या. मग पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या एप्रिलमध्ये, बेल्जियममधल्या ईप्रची दुसरी लढाई झाली. चिखलात आणि सलग गोळीबारात तिचा बोल्ट अडकू लागला, आणि सैनिक बुटाच्या टाचेने किंवा फावड्याच्या दांड्याने ठोकून तो उघडू लागले. त्या लढाईतून वाचलेल्या सुमारे ५ हजार जणांपैकी १,४०० हून अधिक सैनिकांनी आपली रॉस टाकून मृत ब्रिटिश सैनिकांची ली-एन्फिल्ड उचलली होती. संरक्षणमंत्री सॅम ह्यूज यांनी मात्र रॉसची बाजू सोडली नाही, आणि कॅनडाच्या तुकड्यांच्या हातात सगळीकडे ली-एन्फिल्ड यायला १९१६ साल उजाडले.

अडकण्याची कारणे वाचताना मी फार वेळ तिथेच रेंगाळलो, कारण ती ग्राहकाच्या कामाची आहेत. रॉसचे काडतूसघर तंग होते. कॅनडात बनलेली .३०३ काडतुसे काटेकोर मापाची असल्यामुळे त्यात नीट बसत. ब्रिटनमध्ये युद्धाच्या घाईत बनलेली काडतुसे किंचित मोठी भरत आणि तापलेल्या नळीत रुतून बसत. शिवाय बोल्ट मागे अडवणारा छोटा खुंट बोल्टच्या दातांवर आपटून दातांच्या कडा ठेचल्या जात, त्यामुळे अडचण वाढत जाई. आमच्या ओळखीचे एक काका आहेत, मूळचे पिंपरीचे, टूलरूममध्ये आयुष्य घालवून निवृत्त झालेले. त्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “अरे, मापात चूक नव्हती तिच्या. ती ज्या मापाला धरून बनवली, ते माप रणांगणावर कुणाच्याच हातात नव्हतं.” काकांचे हे वाक्य मी पुढे प्रत्येक रायफल हाताळताना आठवत गेलो. आणि दुसऱ्या बाजूने हेही सांगायला हवे की फ्रान्सिस पेगमागाबो यांच्यासारख्या कॅनडाच्या नामवंत लक्ष्यवेधी (स्नायपर) सैनिकांनी रॉसच पसंत केली, कारण एकेक गोळी जपून झाडणाऱ्याच्या हातात तिची अचूकता कायम होती. एकच देशी वस्तू एका कामाला उत्तम आणि दुसऱ्या कामाला घातक ठरली.

माझ्या घरापासून गाडीने १५ मिनिटांवर, मिसिसागात लेकशोअर रस्त्यावर, विटांची एक लांबट इमारत आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे लॉन्ग ब्रँचचा शस्त्रकारखाना होता, आणि ही त्यातली तपासणीची इमारत. आता तिथे चित्रप्रदर्शने आणि बाजार भरतात. १९४१ पासून या कारखान्यातून ली-एन्फिल्ड नंबर ४ रायफली बाहेर पडू लागल्या, एकूण सुमारे ९ लाख, आणि त्या घडवणाऱ्या हातांत स्त्रियांचे हात फार मोठ्या संख्येने होते. आराखडा ब्रिटिश, घडण आँटारिओची. डाव्या बाजूला ‘लॉन्ग ब्रँच’ आणि वर्ष कोरलेली अशी रायफल एका वृद्ध शिकाऱ्याकडे विकायला होती, १९४३ ची, लाकूड सुस्थितीत, बोल्ट लोण्यासारखा. ईशापूरच्या त्या .३१५ ची ही सख्खी बहीणच, आणि माझ्या इथल्या घराजवळच जन्मलेली. ती घेण्याच्या अगदी बेतात होतो. घेतली नाही त्याचे कारण साधे आहे: मी डावखुरा आहे. ली-एन्फिल्डचा बोल्ट उजव्या हाताचाच असतो, आणि प्रत्येक गोळीनंतर रायफल खांद्यावरून हलवून पलीकडून हात टाकावा लागतो. शिवाय .३०३ ची काडतुसे आता प्रत्येक दुकानात मिळत नाहीत आणि मिळाली तरी महाग पडतात. ज्यांना इतिहासासाठी एक रायफल ठेवायची आहे आणि जे उजव्या हाताचे आहेत, त्यांनी लॉन्ग ब्रँच नक्की पाहावी. फक्त नळीच्या आतला गंज आणि काडतूसघराची झीज जाणकाराकडून तपासून घ्यावी, आणि कुणी शिकारीसाठी पुढचे लाकूड कापून टाकले असेल तर किंमत त्या हिशेबाने द्यावी.

पहिली रायफल शेवटी लेकफिल्डची घेतली. सॅव्हेज मार्क टू, .२२, डाव्या हाताची. ही निवड करताना मला देशाभिमानाची मदत घ्यावी लागली नाही, कारण ५०० डॉलरांच्या आत, डाव्या बोल्टची, चापाचा ताण स्वतःला जुळवून घेता येईल अशी दुसरी .२२ मला सापडली नाही. चेक बनावटीची सीझेड ४५७ मी शेजारी ठेवून पाहिली. तिचे लाकूड आणि यंत्रणेची सफाई निःसंशय वरच्या दर्जाची आहे, आणि सॅव्हेजचा प्लास्टिकचा दस्ता तिच्यापुढे हलका वाटतो. पण किंमत जवळजवळ दुप्पट होती, आणि मला हवी ती रचना डाव्या हातात त्या वेळी उपलब्ध नव्हती. लेकफिल्डच्या रायफलीत आणखी एक गोष्ट मला मनापासून भावली. कोबर्ग गावात कूई नावाचा कारखाना होता. हर्बर्ट कूई यांनी १९०३ मध्ये टोरँटोत सुरू केलेला आणि पुढे कोबर्गला नेलेला. कॅनडातल्या कित्येक शेतघरांत दाराआड उभी असलेली .२२ कूईचीच असे. तो १९७९ मध्ये बंद पडला, पण त्याच्या मॉडेल ६४ चा आराखडा लेकफिल्डने उचलला आणि तो सॅव्हेज ६४ म्हणून पुढे चालू राहिला. ६४ ही स्वयंभरणाची असल्याने माझ्या कामाची नव्हती, पण छोटी .२२ बनवण्याचा हात या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहे, हे कळल्यावर माझ्या निर्णयाला बळ आले.

.२२ आधी घेण्याचे दुसरे कारण माझी मुलगी. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले, तेव्हा आम्ही ती अंतिम फेरी दोनदा पाहिली, आणि तिने मला विचारले, “बाबा, मला शिकता येईल का?” कॅनडात १२ ते १७ वयाच्या मुलांसाठी वेगळा परवाना आहे, ज्यावर त्यांना रायफल विकत घेता येत नाही पण अभ्यासासाठी वापरता येते. शिकणाऱ्या मुलीच्या खांद्याला .३०८ सारख्या शिकारीच्या मोठ्या काडतुसाचा धक्का देणे चूक आहे, आणि .२२ ची काडतुसे स्वस्त असल्याने सरावाला हात आखडता घ्यावा लागत नाही.

हरणाच्या शिकारीची रायफल निवडताना मात्र देशी पर्याय माझ्यासाठी संपले. कॅनडात मोठ्या काडतुसाच्या उत्तम रायफली बनत नाहीत असे नाही. विनिपेगची पीजीडब्ल्यू आणि क्यूबेकची कॅडेक्स या दोन्ही कंपन्यांची अचूकता जगभर मानली जाते. पीजीडब्ल्यूची टिंबरवुल्फ तर कॅनडाच्या सैन्यातल्या लक्ष्यवेधींनी वापरली आहे. पण त्यांच्या किमती कित्येक हजार डॉलरांत जातात, आणि वर्षातून ४ दिवस झुडपांतून चालत हरीण शोधणाऱ्या माणसाला दूर पल्ल्यासाठी घडवलेले एवढे जड आणि महाग साधन लागत नाही. दीड हजार डॉलरांच्या आत येणारी साधी, हलकी शिकारी रायफल कॅनडात बनतच नाही म्हटले तरी चालेल. इथे बाहेरची वस्तू घेणे ही मला तडजोड वाटली नाही.

मी फिनलंडची टिक्का टी३एक्स घेतली, रिहिमाकीच्या साको कारखान्यातली, .३०८ विंचेस्टर, न गंजणाऱ्या पोलादाची, डाव्या बोल्टची. .३०८ निवडताना रॉसची गोष्ट डोळ्यांसमोर होती: उत्तर आँटारिओतल्या लहानशा गावातल्या किराणा-कम-हार्डवेअरच्या दुकानातही जे काडतूस मिळते तेच घ्यावे, आणि आपली रायफल ज्या दोन-तीन बनावटींच्या काडतुसांवर नीट चालते ती आधी मैदानावर जोखून ठेवावीत. दुकानात मी हातमोजे घालूनच बोल्ट चालवून पाहिला. उणे २० अंशांत जाड मोज्यातून चाप सापडतो का, मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढता येते का, सुरक्षेची कळ न पाहता लागते का, हे सगळे उबदार दुकानात उघड्या हातांनी कळत नाही. थंडीत दाट तेल गोठून फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सळई) मंदावते, म्हणून हिवाळ्यापूर्वी बोल्ट उघडून तेल जवळजवळ पुसून टाकावे लागते; टिक्काचा बोल्ट हत्यारांशिवाय उघडता येतो, हे मला फार सोयीचे वाटले.

या निवडीत मला आणखी एक दाखला मिळाला, आणि तो कॅनडाच्या सरकारचाच. उत्तरेत गस्त घालणारे कॅनेडियन रेंजर्स १९४७ पासून ली-एन्फिल्ड वापरत होते. सुटे भाग दुर्मिळ होऊ लागले तेव्हा नवी रायफल शोधली गेली, आणि उणे ५१ अंशांपर्यंत चालली पाहिजे अशी अट घातली गेली. निवडली गेली ती टिक्का टी३एक्स आर्क्टिक. पण ती फिनलंडहून तयार न आणता साकोच्या परवान्याने किचनरच्या कारखान्यात बनवली गेली, लाल लाकडी दस्त्याची, सी१९ या नावाने. साडेसहा हजारांहून अधिक रायफली अशा घडल्या. रॉसच्या वेळी आराखडाही इथेच पोसला आणि त्याची किंमत सैनिकांनी मोजली; सी१९ च्या वेळी जो आराखडा थंडीत सिद्ध झाला तो बाहेरून घेतला आणि घडण व सुट्या भागांची सोय घरी ठेवली. माझ्या मते कॅनडाने शंभर वर्षांत घेतलेला हा सर्वांत शहाणा रायफलविषयक निर्णय आहे.

सुट्या भागांचे महत्त्व मला एका मित्राच्या अनुभवावरून पटले. त्याच्या आयात केलेल्या रायफलीच्या (नाव मुद्दाम लिहीत नाही) मॅगझिनची कडी तुटून पडली, आणि नवी यायला ५ महिने लागले. तेवढ्यात शिकारीचा हंगाम संपला. दुरुस्तीसाठी रायफल सीमेपार पाठवायची तर दोन्ही देशांची कागदपत्रे लागतात, आणि तो मार्ग कुणी सहसा धरत नाही. म्हणून बाहेरची रायफल घेताना तिचा कॅनडातला वितरक कोण, तो सुटे भाग साठवतो का आणि दुरुस्ती इथेच करतो का, हे तीन प्रश्न पैसे देण्याआधी विचारावेत. मी एक जादा मॅगझिन आणि एक फायरिंग पिनची स्प्रिंग रायफलीबरोबरच घेऊन ठेवली. आँटारिओत १३ टक्के कर वेगळा पडतो, तो धरूनच हिशेब मांडावा.

आणि एक सूचना टोरँटोच्या आसपास राहणाऱ्यांसाठी. दक्षिण आँटारिओच्या बऱ्याच विभागांत हरणाच्या शिकारीला रायफल चालतच नाही; तिथे शॉटगन, ठासणीची बंदूक किंवा धनुष्य एवढेच मान्य आहे. माझ्या माहितीतल्या दोघांनी आधी रायफल घेतली आणि नंतर विभागाचे नियम वाचले. मी दरवर्षी नोव्हेंबरात उत्तरेकडे ४ तास गाडी चालवून जातो, म्हणून .३०८ माझ्या कामाची ठरली.

दोन्ही रायफली आता तळघरातल्या एकाच कुलूपबंद कपाटात आहेत, काडतुसे वेगळ्या कुलपात. किल्ली दोघांनाच ठाऊक असेल अशा जागी राहील, ही पत्नीची अट होती, आणि ती मी पाळतो. मुलीचा सुरक्षा अभ्यासक्रम पुढच्या महिन्यात आहे. तिला सध्या लेकफिल्डच्या रायफलीचा बोल्ट काढून परत बसवण्याचा सराव देतो आहे. ती उजव्या हाताची असल्याने डाव्या बोल्टशी तिची ओढाताण होते, आणि त्यामुळे तिच्यासाठी उजव्या हाताची .२२ पाहणे आता सुरू झाले आहे. या वेळी सीझेड आणि सॅव्हेज अशा दोन्ही तिच्या खांद्याला लावून पाहू, आणि जिचा दस्ता तिच्या हाताच्या लांबीला बसेल ती घेऊ.